उत्तरेची खिडकी

यिम मावशींचा पिंजऱ्यातला पक्षी मेला आणि त्यानंतर सहाव्या दिवशी, भर दुपारी, त्या स्वतः न्हाणीत पडलेल्या सापडल्या.

सापडल्या त्या त्यांच्या पुतण्याला. वाय-लोक गावात गॅसच्या टाक्या पोचवायचा. मावशींची टाकी बदलायला तो आला, तेव्हा न्हाणीच्या दाराखालून कोमट पाणी वाहत होते. त्याने खांद्याने दार तोडले आणि मावशींना फरफटत अंगणात आणले. हातपाय गार पडले होते. गाल मात्र लालबुंद होते, लग्नाच्या दिवशी असावेत तसे. शेजारच्या बायका ते गाल बघून मागे सरल्या.

"असा रंग कुणाला चढतो का मरताना?" एक जण पुटपुटली. "त्या घरात काहीतरी आहे बाई."

मावशी मेल्या नव्हत्या. दवाखान्याची गाडी आली तेव्हा त्यांचा श्वास चालू होता, पण तो कान लावूनच ऐकावा लागत होता.

फोक गुरुजींना ही बातमी चहाच्या दुकानात फोनवर कळली. गुरुजींचे वय चौऱ्याहत्तर. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधल्या गावांत पन्नास वर्षे त्यांनी लोकांच्या घरांची फेंगशुई पाहिली होती. दार कुठे असावे, पलंग कुठे, चूल कुठे, म्हणजे घरातली माणसे सुखाने झोपतील, हे ते होकायंत्र लावून सांगत.

"गुरुजी, तुम्ही बंद करायला लावलेल्या खिडकीखालीच पडल्या होत्या," फोनवरचा माणूस म्हणाला.

गुरुजींनी फोन खाली ठेवला. हात आधीपासूनच कापत असत. चहा अर्धा सोडून ते तडक मावशींच्या घरी निघाले.

अंगणात सार्जंट किउ वही घेऊन उभी होती. चाळिशीची, कोरड्या आवाजाची बाई. तिने गुरुजींना थेट न्हाणीत नेले आणि पेन्सिलीने वर दाखवले. जिथे खिडकी होती तिथे आता विटा होत्या. विटांच्या खाली गॅसचा गिझर टांगलेला होता.

"खिडकी बंद करा असं कोणी सांगितलं?"

"मी. दोन महिन्यांपूर्वी."

"का?"

"हे मेंढीचं वर्ष. यंदा पिवळा तारा उत्तरेला बसलाय. तो आजारपण आणतो. उत्तरेची खिडकी वर्षभर उघडायची नाही. मावशींचे गुडघे दुखत होते, झोप लागत नव्हती, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं."

"आणि तुम्ही विटा लावायला सांगितल्या."

"नाही. नवं वर्ष लागेपर्यंत कडी लावा, वर लाल कागद चिकटवा, एवढंच सांगितलं. तारा दर वर्षी जागा बदलतो. विटा कशाला लागतात?"

"मग लावल्या कोणी?"

"शेजारच्या मोकने. कडी वाऱ्याने सुटते म्हणाला. त्याच्याकडे विटा पडून होत्या."

सार्जंटने ते लिहून घेतले. मग वही मिटून म्हणाली, "गुरुजी, हा गिझर खोलीतली हवा खातो आणि विष सोडतो. त्याला वास नसतो, गाल मात्र लाल होतात. बाहेर जायला त्याला ही एकच खिडकी होती. मावशींच्या रक्तात ते विष सापडलंय. अजून पाच मिनिटं झाली असती तर तुम्ही आज त्यांच्या नावानं उदबत्ती लावत असता."

गुरुजी भिंतीला टेकले. "म्हणजे माझ्यामुळे झालं हे?"

"तुम्ही खिडकी बंद केलीत. गिझर पुतण्यानं बसवला. मावशींना मूलबाळ नाही, घर त्यालाच जायचंय. तो चौकीवर बसलाय माझ्या."

"गिझर कधी बसवला त्याने?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं काही झालं नाही."

"खिडकी उघडी होती म्हणून. ती बंद होणार हे त्याला ठाऊक असेल."

"सार्जंटबाई, ते मलाच ठाऊक नव्हतं. होकायंत्र लावेपर्यंत मलाही माहीत नसतं काय निघणार ते."

सार्जंटने खांदे उडवले. गुरुजींनी पिशवीतून होकायंत्र काढले. त्यांना पुन्हा एकदा खात्री करून घ्यायची होती. हातात धरले तर सुई थरथरे, म्हणून त्यांनी ते कपडे धुण्याच्या दगडावर ठेवले आणि सुई शांत व्हायची वाट पाहिली.

सुई शांत झाली. गुरुजींनी आकडा वाचला. होकायंत्र उचलून पुन्हा ठेवले, पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा.

ते वर विटांकडे बघत राहिले.

"काय झालं?" सार्जंटने विचारले.

"ही खिडकी ईशान्येला आहे."

"मग?"

"दोन महिन्यांपूर्वी ती उत्तरेला होती."

"घर फिरलं की काय?"

"एकतीस वर्षांपूर्वी हे घर बांधताना मीच माप घेतलं होतं. तेव्हाही ईशान्यच निघाली होती, वहीत लिहिलंय. या वेळी सुई वेगळं बोलली, तेव्हा मला वाटलं तरुणपणी चुकलो असेन."

त्यांच्या गुरूने त्यांना शिकवले होते की जिथे सुई दिशा सोडते, तिथे कोणीतरी मेलेले माणूस अस्वस्थ असते. पन्नास वर्षांत ते कधी त्यांच्या अनुभवाला आले नव्हते. विटांकडे पाठ करायची आता त्यांना हिंमत होईना.

"की तुमचे डोळे गेले?" सार्जंट म्हणाली. ती चेष्टेने बोलत नव्हती.

गुरुजींनी होकायंत्र पिशवीत टाकले. भुतापेक्षा त्यांना या प्रश्नाची जास्त भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. यिम मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. गालांचा रंग उतरला होता.

"उद्या घरी सोडणार म्हणतायत," त्या म्हणाल्या. "जाऊ का नको ते सांगा. एकतीस वर्षं झोपले त्या घरात. आता ते दार पुन्हा उघडायला नको वाटतं. घर मला खातंय, गुरुजी."

"केव्हापासून?"

"खिडकी बंद केली आणि दहा-पंधरा दिवसांत. आंघोळ झाली की डोकं ठणकायचं. बहिणीकडे दोन दिवस राहिले तर एकदम बरी. परत आले की तेच. मग पक्षी मेला. न्हाणीबाहेरच टांगलेला असायचा."

"पक्षी मेला तेव्हा कोणी आलं होतं?"

"मोक आला होता. दुसरा आणून देतो म्हणाला. चांगला आहे हो तो. नुसता चिकट. सात वर्षं माझ्या मागे लागला होता, मावशी ती खिडकी बुजवा, ती थेट आमच्या दारावर येते, सिउ-फांग त्यामुळे आजारी पडते. मी म्हटलं, मग माझी वाफ कुठून जाऊ दे, तुझ्या तोंडातून? तर त्यानं दारावर आठ कोनी आरसा लावला, माझं सगळं माझ्याकडे परत पाठवायला. मी त्यात बघून केस विंचरायची."

मावशी हसल्या आणि खोकल्या. गुरुजी हसले नाहीत.

"त्या खिडकीत ऊन यायचं का कधी?"

"उन्हाळ्यात सकाळी यायचं की, थेट गिझरखालच्या बादलीपर्यंत. मुळ्याच्या चकत्या तिथेच वाळवायची मी."

गुरुजींनी डोळे मिटले. उत्तरेच्या खिडकीतून सकाळचे ऊन असे आत शिरत नाही. हे समजायला होकायंत्राचीही गरज नव्हती.

"मावशी, मी माप घ्यायला आलो त्या दिवशीचं सांगा. मला नीट आठवत नाही."

"तुमचे हात कापत होते. मोक म्हणाला, थांबा गुरुजी, स्टूल आणतो. त्याच्या घरचं लाकडी. त्यानंच ते दारात ठेवलं, मग मधल्या खोलीत, मग न्हाणीत. तुम्हाला उचलू दिलं नाही. एक कोपरा फुटका होता त्याचा. दर वेळी स्टूल फिरवून तो कोपरा भिंतीकडे करायचा. म्हणायचा, फुटकी बाजू मोठ्या माणसाकडे करू नये. हल्ली इतकी रीत कोण पाळतं?"

"आणि मला बोलवा असं तुम्हाला कोणी सुचवलं?"

"त्यानंच," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा हात पांघरुणावर घट्ट आवळला गेला.

मोकचे घर मावशींच्या घराच्या मागे, सात पावलांवर होते. पुढच्या खोलीत तो रेडिओ आणि पंखे दुरुस्त करायचा. त्याची बायको सिउ-फांग उन्हात बसून कोबीची पाने सोलत होती. चेहरा सुजट, पाय सुजलेले, तरी आज ती बसली होती. गुरुजींनी तिला गेली कित्येक वर्षे बसलेले पाहिले नव्हते.

दारावर भिंतीचा आठ कोनांचा एक तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता.

"आरसा काढला वाटतं, वहिनी?"

"खिडकी गेली, आता कशाला हवा? भिंतीसमोर आरसा ठेवला तर आपलंच आपल्यावर येतं म्हणतात. हे म्हणाले, काढलेला बरा."

"कुठल्या दिवशी काढला? मुहूर्त बघून काढला ना?"

"तर काय. हे पंचांग बघितल्याशिवाय खिळासुद्धा काढत नाहीत. नवव्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला. माझा उपास होता, म्हणून लक्षात आहे. त्यानंतर चांगला दिवस थेट पुढच्या महिन्यात होता."

"पंधराव्याच ना? सोळाव्या नाही?"

"मी उपास विसरेन का, गुरुजी?"

आतून स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता. मोक दारात आला. हातात स्क्रू-ड्रायव्हर, कपाळावर चष्मा.

"या, बसा. मावशी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. उद्या घरी येतायत."

"घरी? त्याच घरात?" मोकने स्क्रू-ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला. "पुतण्या आत आहे ना अजून?"

"आहे."

"मग ठीक," मोक म्हणाला. पण तो आत गेल्यावर स्क्रू फिरवल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

घरी जाताना गुरुजींनी दोनदा मागे वळून पाहिले. आता त्यांना भुताची भीती उरली नव्हती. ज्याने हे केले तो सात पावलांवर राहत होता, मावशींना रोज हाक मारत होता, आणि पुन्हा काहीतरी करू शकत होता. वाटेत त्यांनी चौकी गाठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता यिम मावशींच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, डोळे सारखे न्हाणीकडे जात होते. वाय-लोक सार्जंटच्या शेजारी उभा होता. दोन रात्री चौकीवर काढल्यामुळे त्याचा आवाज बसला होता.

"गुरुजी, लवकर बोला," तो म्हणाला. "ही मला अजून चोरच समजतेय."

"चोरासारखा दिसतोस म्हणून," सार्जंट म्हणाली. "दाढी कर."

मोक उंबऱ्यात उभा होता. त्याच्या मागे, भिंत धरून, सिउ-फांग.

"मावशींनी या घरात राहायचं की नाही ते आज ठरवायचंय," गुरुजी म्हणाले. "पुन्हा माप घेतो. मोक, माझे हात बघ. ते स्टूल आणशील?"

मोक गेला आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

"लाकडी कुठंय?"

"मोडलं ते, गुरुजी. जाळून टाकलं."

"मोडलं कुठे?" सिउ-फांग मागून म्हणाली. "काल त्यावर तर कोबी ठेवला होता मी. थांबा, आणते."

"तू चालू नकोस," मोक म्हणाला.

"बरी आहे मी आता."

ती हळूहळू गेली आणि स्टूल घेऊन आली. सात पावले जाऊन यायला तिला बराच वेळ लागला. वाय-लोकने स्टूल तिच्या हातातून घेतले. गुरुजींनी ते उलटे करायला सांगितले.

स्टुलाच्या पाटाखाली चार खिळ्यांची भोके होती. चार भोकांच्या मधोमध तळहाताएवढे गोल, स्वच्छ लाकूड होते. बाकीच्या लाकडावर धुराची पुटे होती. सार्जंटने खिशातून जुन्या लाऊडस्पीकरमधला लोहचुंबक काढला आणि त्या गोलावर ठेवला. तो बरोबर बसला.

"बाजारात मिळाला," ती म्हणाली. "मोकच्या कपाटात तर असले डझनभर असतील."

गुरुजींनी स्टूल सरळ केले, फुटका कोपरा भिंतीकडे वळवला आणि वर होकायंत्र ठेवले. सुई हलली, फिरली आणि थांबली. सार्जंटने वाकून पाहिले. ईशान्येची खिडकी उत्तरेला गेली होती. गुरुजींनी कोपरा स्वतःकडे फिरवला. सुई भलतीकडेच वळली.

"म्हणून ती रीत," ते म्हणाले. "स्टूल प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूनं ठेवलं नसतं, तर माझे तीन आकडे एकमेकांना जुळले नसते. जुळले, म्हणून मी फसलो."

"पण त्यानं का करावं हे?" वाय-लोक म्हणाला. "घर तर मला मिळायचंय. संशय यावा तर माझ्यावरच."

"त्याला घर नको होतं. त्याला खिडकी नको होती. मावशी त्याचं ऐकेनात, माझं ऐकतात. यंदा तारा उत्तरेला आहे, हे पंचांगाच्या पहिल्या पानावर छापलंय, कोणीही वाचावं. खिडकी उत्तरेला दिसली की मी ती बंद करायला लावणार, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. पण मी सांगितलं फक्त वर्षापुरतं. त्याला कायमचं हवं होतं, म्हणून विटा त्यानं दिल्या. तेव्हाच मला विचारायला हवं होतं."

"स्टूल माझं आहे, एवढंच," मोक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "चुंबक माझ्या दुकानात कुठेही चिकटतात."

"मी माप घेतलं सोळाव्या तिथीला. तू आरसा काढलास पंधराव्याला. सात वर्षं जो आरसा त्या खिडकीवर रोखून ठेवलास, तो खिडकी उघडी असताना काढलास. खिडकी जाणार, हे माझ्या आधी एका दिवसाने तुला कसं कळलं?"

मोकने बायकोकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर अजून काहीच उमटले नव्हते. ती नुसती ऐकत होती.

"पुढचा मुहूर्त महिन्यानं होता," तो शेवटी म्हणाला. "महिनाभर आरसा भिंतीसमोर राहिला असता तर सगळं हिच्यावर आलं असतं. तारा ईशान्येला यायला अजून सात वर्षं आहेत, गुरुजी. दोन वर्षांपूर्वी आला होता, तेव्हा मावशींनी तुम्हाला बोलावलंच नाही. ही सात वर्षं टिकली असती का?"

"गिझरचं?" सार्जंटने विचारले.

"शपथेवर सांगतो, ते मला माहीत नव्हतं. मी रेडिओवाला आहे."

"सुरुवातीला नव्हतं," गुरुजी म्हणाले. "पण मावशींचं डोकं दुखायला लागलं. पक्षी मेला. तू येऊन बघून गेलास."

मोकने चष्मा कपाळावरून काढून हातात धरला.

"मला वाटलं, पीडा उलटली," तो म्हणाला. "इकडून तिकडं गेली. ही त्याच आठवड्यात पहिल्यांदा रात्रभर झोपली. मी उठून बघितलं, श्वास चालू आहे ना. चालू होता. मग मी काही बोललो नाही."

"मला दुसरा पक्षी आणून देणार होतास," यिम मावशी म्हणाल्या.

मोक चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसू लागला.

"तो पण मेला असता. आणि तू तिसरा आणला असतास. मी जाईपर्यंत आणत राहिला असतास ना रे?"

सार्जंटने मोकचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेले. जाताना तो बायकोला म्हणाला, "औषध दुपारचं विसरू नकोस." ती मान हलवायलाही विसरली.

वाय-लोकने गिझरची टाकी बंद करून नळी काढली. मग हातोडा शोधायला लागला.

"वर्ष संपायच्या आधी ठोकाठोक चालेल का, गुरुजी?" त्याने विचारले.

"ती बाजू ईशान्य आहे. फोड."

मावशी उठून न्हाणीच्या दारापर्यंत गेल्या, पण आत पाऊल टाकेनात. "हवा येईल ना पहिल्यासारखी?" त्यांनी विचारले. वाय-लोक म्हणाला, "येईल, काकू. आणि गिझर मी नेतोय. पाणी चुलीवर तापवा, मी येऊन बादल्या उचलीन."

गुरुजी मागच्या बाजूला आले. सिउ-फांग आपल्या उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर विटांची भिंत होती. आतून पहिला घाव ऐकू आला आणि तिचे अंग दचकले.

"गुरुजी, खरं सांगा. ती उघडली की मी मरेन का?"

"नाही."

"मी झोपत होते हो. खरंच झोपत होते. भिंत झाल्यावर."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले. पन्नास वर्षे त्यांनीच लोकांना खिडक्यांना भ्यायला शिकवले होते.

दुसरा घाव पडला. एक वीट बाहेर आली, आणि तिच्या जागी काळे भोक दिसले. सिउ-फांगने डोळे मिटले.

"सरका जरा," गुरुजी म्हणाले. ते तिच्या पुढे उंबऱ्यावर बसले, अगदी त्या भोकासमोर, तिला पाठीशी घालून. "मी बसतो इथं. सगळ्या विटा निघेपर्यंत बसतो. तुम्ही माझ्या पाठीकडे बघा."

तिने मागून त्यांचा कोट धरला. वाय-लोक घाव घालत राहिला.